बर्डीच्या गर्दीतून रंगमंचावर

रविवारी संध्याकाळी नागपुरात व्हरायटी चौकातून बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मेन रोडवर शिरावं, एखाद्या दुकानाच्या पायरीवर उभं राहावं आणि चेहरे सोडून फक्त पावलं पाहावीत. दोन्ही कडांना हातगाड्या आणि खाली पसरलेला माल, मध्ये उरलेल्या अरुंद वाटेतून येणारे-जाणारे शेकडो लोक. कुणाच्या हातात पिशव्या, कुणाच्या कडेवर मूल, कुणी दुकानाकडे पाहत चाललेलं, कुणी मध्येच थांबून भाव विचारणारं. रस्त्यावर पट्टे आखलेले नाहीत, कुणी शिट्टी वाजवत नाही. तरीही धक्के क्वचितच लागतात. समोरून माणूस आला की खांदा किंचित वळतो, पिशवी पोटाशी येते, पाऊल क्षणभर अडतं आणि मग पुढे पडतं. आपण काही केलं याचा करणाऱ्याला पत्ताही नसतो.

गर्दीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना यात एक विलक्षण गोष्ट सापडली आहे. दोन दिशांनी चालणारी गर्दी दाट झाली की तिच्यात आपोआप रांगा तयार होतात. पुढच्याच्या पाठोपाठ चाललं तर समोरच्यांना चुकवण्याची वेळ कमी येते, एवढ्या एका सोयीतून ही रचना उभी राहते. तिचा कुणी दिग्दर्शक नाही, तिची तालीम झालेली नाही. रस्त्याकडे वरून पाहिलं की मात्र ती आखल्यासारखी दिसते.

समकालीन नृत्य अशाच ठिकाणाहून सुरू होऊ शकतं. १९६७ साली अमेरिकेत स्टीव्ह पॅक्स्टन या नृत्यरचनाकाराने ‘सॅटिस्फायिन लव्हर’ नावाची रचना केली. तिच्यात साध्या कपड्यांतली कितीतरी माणसं रंगमंचाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात. चालतात, थांबतात, खुर्चीवर बसतात, पुन्हा चालतात. त्यापलीकडे काही नाही. पण कुणी कधी निघायचं, किती वेळ थांबायचं हे ठरलेलं असतं आणि तेवढ्या ठरवण्यानेच प्रत्येकाची चाल नव्याने दिसायला लागते. कुणाची टाच आधी टेकते, कुणाचे हात हलतच नाहीत, कुणी स्वतःचं वजन उजवीकडे वाहत नेतं. रोज डोळ्यांसमोर असलेली आणि कधीच न पाहिलेली ही माणसाची ओळख आहे.

वजन, वेळ, अंतर आणि नजर, एवढाच या कलेचा कच्चा माल आहे आणि तो प्रत्येकाच्या अंगात आधीपासून आहे. त्याची मांडणी बदलली की अनोळखी प्रेक्षकाचा श्वास अडकतो, हे या कलेचं खरं नवल आहे.

तीन हजार सेकंद

समजा, सीताबर्डीतल्याच एखाद्या गल्लीत वाढलेली आणि काही वर्षं कथक शिकलेली एक तरुणी पहिल्यांदा स्वतःची रचना करायला उभी राहिली आहे. दहा मिनिटांचा तुकडा, पाच नर्तक. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. पाच शरीरांचे मिळून ३,००० सेकंद, आणि त्यातल्या प्रत्येक सेकंदाला कोण कुठे आहे, कुठे पाहतं, हलतं की थांबतं, हे कधीतरी ठरवावं लागतं. नाटकाला संहिता असते, गाण्याला शब्द आणि चाल असते. इथे समोर मोकळी फरशी आणि वाट पाहत उभी असलेली माणसं असतात.

अनेक नवे रचनाकार हालचाली ‘शिकवून’ सुरुवात करत नाहीत, ते नर्तकांना एखादं काम देतात. आपल्या या तरुणीने दिलेलं काम असं धरू: समोरून कुणीतरी येत आहे असं मानून चाला, पण बाजूला व्हायचं ते फक्त बरगड्यांनी. खांदे, हात, मान यांची मदत घ्यायची नाही. बंधन घातलं की शरीर नव्या वाटा शोधू लागतं. बरगड्या सरकल्या की कंबर उलट्या बाजूला जाते, गुडघा वाकतो, आणि कुणीच न सुचवलेली एक लाट पायापासून मानेपर्यंत चढते. रचनाकार ती टिपते, मोबाइलवर चित्रित करते, पुन्हा करायला लावते.

अशा शोधातून तिने चार हालचाली निवडल्या असं समजू. बरगड्यांनी सरकणं, पिशवी पोटाशी घेणं, पाऊल अडणं, मागे वळून पाहणं. या चारांचे क्रम होतात २४. प्रत्येक क्रम संथ किंवा जलद केला तर ४८. उभ्याने, वाकून आणि जमिनीलगत अशा तीन पातळ्यांवर केला तर १४४. तोंड चारपैकी कोणत्याही दिशेला असू शकतं हे धरलं तर ५७६. आणि हा झाला एकट्या नर्तकाचा हिशेब. दुसऱ्याने तेच दोन मात्रा उशिरा सुरू केलं, तिसऱ्याने शेवटाकडून सुरुवातीकडे उलटं केलं, तर संख्या मोजण्यापलीकडे जाते. म्हणून रचनाकाराचं मोठं काम टाकून देण्याचं आहे. शेकडो शक्यतांतून ज्या मोजक्या राहतात त्यांनीच रचनेचा स्वभाव घडतो.

त्यातही आवर्तनाची ताकद अचंबित करणारी आहे. ‘मागे वळून पाहणं’ पहिल्यांदा आलं की प्रेक्षक ते नुसतं पाहतो. दुसऱ्यांदा आलं की ओळखतो. तिसऱ्यांदा त्याची वाट पाहतो, आणि चौथ्या वेळी नर्तिका मागे वळलीच नाही तर त्या न वळण्याने काळजात काहीतरी हलतं. एक शब्द न उच्चारता, एक मुद्रा न वापरता गोष्ट सांगून झालेली असते.

हालचालीचा अर्थ तिच्या आकारापेक्षा तिच्या गुणात जास्त असतो, हे गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रुडॉल्फ लाबान यांनी पद्धतशीर मांडलं. वजन, वेळ, अवकाश आणि प्रवाह या चार अंगांनी त्यांनी हालचालीकडे पाहिलं. हात पुढे नेणं ही एकच क्रिया जड आणि झटपट केली तर तो धक्का होतो, हलकी आणि संथ केली तर मायेचा स्पर्श. हाताचा मार्ग तोच, माणसांमधलं नातं मात्र पार बदललेलं. लाबान यांनी १९२८ साली नृत्य लिहून ठेवण्याची लिपीही प्रसिद्ध केली. ती आजही वापरात आहे, पण वाचता येणारे थोडेच आहेत. बहुतेक नृत्य अजूनही एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे जातं, समोरासमोर, घामासह.

रचना करण्याच्या रीती मात्र माणसागणिक वेगळ्या. मर्स कनिंगहॅम नाणं उडवून हालचालींचा क्रम ठरवत. त्यांच्या नृत्यातलं संगीत वेगळं तयार होई आणि दोघांची गाठ अनेकदा थेट प्रयोगातच पडे. जर्मनीतल्या पिना बाऊश नर्तकांना प्रश्न विचारत आणि त्यांनी शरीराने दिलेल्या उत्तरांतून रचना विणत. कोणती रीत बरोबर, असा प्रश्नच नाही. त्या रीतीतून पाहण्याजोगं काही निघालं का, एवढंच विचारायचं.

विदर्भकन्येची परीक्षा

नव्या रचनाकाराची परीक्षा घ्यायची कशी, याचं एक उत्तर कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात आहे. त्यातली मालविका ही विदर्भाची राजकन्या. ओळख लपवून ती राजा अग्निमित्राच्या राजवाड्यात राहते आणि नृत्य शिकते. गणदास आणि हरदत्त या दोन नृत्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण असा वाद पेटतो. निवाडा करायला बसते परिव्राजिका कौशिकी, आणि तीही विदर्भातलीच, तिथल्या सचिवाची बहीण. ती म्हणते की ही प्रयोगाची विद्या आहे, तिच्यात चर्चेने निकाल लागत नाही. शिष्यांना रंगावर आणा.

मग ती एक अट घालते, आणि ती वाचताना मी दर वेळी थक्क होतो. पात्रांनी नेपथ्य, म्हणजे वेशभूषा, विरळ ठेवावी, म्हणजे सर्वांगाची हालचाल नीट दिसेल. आजच्या समकालीन नर्तकांचे साधे, एकरंगी कपडे पाहून अनेकांना प्रश्न पडतो की हे सरावाच्याच कपड्यांत का आले. त्याचं कारण कालिदासाने दीड हजार वर्षांपूर्वी परिव्राजिकेच्या तोंडी घालून ठेवलं आहे. पाठीच्या कण्यात सुरू झालेली हालचाल बोटांपर्यंत कशी पोहोचते, हे पाहायचं असेल तर मधला साज कमी करावा लागतो.

दुसऱ्या अंकात मालविका रंगावर येते, तेव्हा गणदास आधी जाहीर करतो की ही चार पदांची, मध्यलयीतली रचना शर्मिष्ठेची आहे. नाचणारी एक, शिकवणारा दुसरा आणि रचणारी तिसरी, आणि तिचं नाव प्रयोगाआधी घेतलं जातं. नृत्यरचना हे स्वतंत्र कर्तृत्व आहे याची केवढी स्वच्छ जाणीव. नृत्य संपल्यावर विदूषक काहीतरी कारण काढून तिला थांबवून घेतो. ती नुसती उभी राहते, एक हात कमरेवर, दुसरा सैल सोडलेला, नजर खाली. आणि राजाला वाटतं की हिच्या नृत्याहून हिचं हे उभं राहणंच अधिक सुंदर आहे. स्थिरताही रचनेचा भाग आहे, हे नव्या रचनाकाराला उमगायला कधी कधी काही वर्षं जातात.

याच नाटकाच्या प्रस्तावनेत एक नवा लेखक म्हणून कालिदास स्वतःची बाजू मांडतो. भासासारख्या नामवंतांना सोडून या नव्याचं नाटक का करायचं, असं सूत्रधाराला विचारलं जातं. तो सांगतो की केवळ जुनं म्हणून काही चांगलं ठरत नाही आणि नवं म्हणून वाईट ठरत नाही, जाणत्याने स्वतः पारखून घ्यावं. नवोदितासाठी याहून मोठा आधार कुठला असेल?

ही मालविका पुढे महाराष्ट्रात पुन्हा रंगमंचावर आली. बंगालमध्ये जन्मलेल्या आणि मुंबईत घडलेल्या लीला सोखी, म्हणजे मॅडम मेनका, यांनी १९३९ साली ‘मालविकाग्निमित्रम्’ ही नृत्यनाटिका बसवली. एकट्याने करायच्या कथकला त्यांनी समूहाची, प्रवेशांची आणि कथानकाची रचना दिली. त्यांचा संच १९३६ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत पारितोषिकं मिळवून आला होता. खंडाळ्याला त्यांनी ‘नृत्यालयम्’ ही शाळा काढली.

त्यांच्यानंतरची महाराष्ट्रातली वाट पाहिली तर प्रत्येक वळणावर कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी करून पाहिलेलं दिसतं. मालवणच्या पार्वतीकुमारांनी तंजावरच्या सरफोजीराजांच्या मराठी निरूपणांना भरतनाट्यमच्या रंगमंचावर पुन्हा उभं केलं. पुण्यात १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ सुरू करणाऱ्या रोहिणी भाटे कथकमध्ये नव्या रचना बांधत राहिल्या आणि आधुनिक नृत्याची अग्रणी इसाडोरा डंकन हिचं आत्मचरित्र त्यांनीच ‘मी इसाडोरा’ म्हणून मराठीत आणलं. परंपरेत मुरलेल्या कलावतीला बंडखोर इसाडोरा जवळची वाटावी, यातच या वाटेचा स्वभाव दिसतो. १९८४ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात ‘ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर’ भरला आणि भारतातले नवे रचनाकार एका छताखाली आले. वाडा या गावी जन्मलेल्या चंद्रलेखा त्यांत होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘अंगिका’मध्ये भरतनाट्यम, योग आणि कळरिपयट्टू एकत्र आणून देव-नायिकांच्या कथा बाजूला ठेवल्या आणि शरीरालाच विषय केलं. अस्ताद देबू यांनी कथक आणि कथकली दोन्ही शिकून स्वतःची वेगळी भाषा घडवली. त्यांनी कर्णबधिर नर्तकांसोबत वर्षानुवर्षं काम केलं. संगीत ऐकू न येणारी ही तरुण मंडळी नजरेच्या खुणांवर आणि अंगात मुरलेल्या मोजणीवर एका वेळी वळत आणि एका वेळी थांबत. पुण्याच्या हृषीकेश पवारांनी जर्मनीत शिकून आल्यावर समकालीन नृत्याचं केंद्र उभारलं आणि पार्किन्सन्स झालेल्यांसाठी नृत्याचे वर्गही चालवले.

हवेत थांबलेलं शरीर

आता शरीराकडे येऊ. नर्तक उडी मारतो तेव्हा तो क्षणभर हवेत थांबला असं वाटतं. हा नुसता भास नाही, त्यामागे भौतिकशास्त्र आहे. समजा शरीर ४५ सेंटिमीटर वर गेलं. हवेतला एकूण वेळ साधारण ०.६ सेकंद. वर जाताना वेग कमी होत जातो आणि माथ्यावर शून्य होतो, म्हणून त्या ०.६ सेकंदातला निम्मा वेळ शरीर वरच्या पाव भागातच असतं. म्हणजे ११ सेंटिमीटरच्या पट्टीत ०.३ सेकंद. उडी लहान असो की मोठी, हे निम्म्याचं प्रमाण बदलत नाही.

कसलेले नर्तक यावर आणखी एक करामत करतात. उडीच्या माथ्यावर ते पाय फाकवतात आणि हात वर नेतात. त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य शरीराच्या आत वर सरकतो. गुरुत्वमध्याला आपला ठरलेला वक्र मार्ग सोडता येत नाही, मग डोकं आणि धड आहे त्या उंचीवर आडवं जाताना दिसतात. प्रेक्षकाचा डोळा डोक्यावर खिळलेला असतो, म्हणून त्याला वाटतं की माणूस तरंगतो आहे.

गिरक्यांचंही असंच. २०१३ साली लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमध्ये बॅले नर्तिका आणि नौकानयन करणाऱ्या स्त्रियांना अंधारात फिरत्या खुर्चीवर बसवून पाहिलं. खुर्ची थांबल्यावर भोवळीची जाणीव नर्तिकांना कमी वेळ टिकली. वर्षानुवर्षांच्या सरावाने कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा निरोप मेंदू वेगळ्या रीतीने हाताळू लागतो. नृत्य शिकताना मज्जासंस्थाही घडत असते, याचा यापेक्षा सुंदर पुरावा मला माहीत नाही.

आणि पाठांतर? तालमीत नर्तक अनेकदा पूर्ण ताकदीने नाचत नाहीत. उडीऐवजी टाच उचलतात, गिरकीऐवजी मनगट फिरवतात. बाहेरच्याला हा आळस वाटेल. पण २०१३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की अशा खुणेपुरत्या सरावानंतर नर्तकांचा पूर्ण प्रयोग अधिक नेमका झाला. दमछाक वाचली की मन क्रमाकडे, कोनाकडे, पुढच्या वळणाकडे मोकळेपणाने लक्ष देतं.

जमीन, कर्ण आणि कडेचा प्रकाश

तालमीच्या खोलीतली रचना रंगमंचावर आली की पहिल्या पाच मिनिटांतच बदलते. नागपुरात मोठी सभागृहं आहेत. सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे, रेशीमबागेत २०१७ मध्ये सुरू झालेलं कविवर्य सुरेश भट सभागृह आहे. सीताबर्डीला तर रंगभूमीचा जुना वारसा आहे. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या जागेवर एके काळी धनवटे रंगमंदिर उभं होतं, आज तिथे संघाचं संकुल आहे. या सगळ्या जागा नाटक, गाणं, भाषण, सत्कार अशा अनेक कामांच्या असतात. नृत्याला मात्र काही वेगळं लागतं.

सगळ्यात आधी जमीन. उडीवरून खाली येताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर येतो. लाकडी, किंचित लवचीक मजला त्यातला काही भाग शोषतो. काँक्रीटवर टाकलेली फरशी सगळा जोर गुडघ्यांना परत करते. म्हणून जाणता रचनाकार सभागृहाची तारीख घेण्याआधी तिथे अनवाणी फिरून येतो, टाचेने मजला ठोकून पाहतो, खिळे आणि फटी शोधतो. प्रसंगी रचनेतल्या उड्या कमी करतो आणि जमिनीवरचं काम वाढवतो.

मग भूमिती. ३० फूट रुंद आणि २४ फूट खोल रंगमंचावर सगळ्यात लांब वाट ही कर्णाची, म्हणजे मागच्या कोपऱ्यातून पुढच्या विरुद्ध कोपऱ्यात येणारी, साधारण ३८ फुटांची. शांत चालीने ती पार करायला नऊ-दहा सेकंद लागतात. त्या वेळात नर्तिका प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर मोठी होत येते, दूरच्या आकृतीची जवळची व्यक्ती होते. दोन बाजूंच्या विंगांमधलं आडवं चालणं याच्या उलट. त्यात माणूस आपल्याजवळून निघून जाणारा, आपल्याशी संबंध नसलेला वाटतो. बर्डीच्या गर्दीवर रचना करणारी आपली तरुणी चौघांना सतत आडवं चालवेल आणि पाचवीला फक्त एकदा कर्णावर आणेल, तर संवादाविनाच प्रेक्षकाला कळेल की गोष्ट कुणाची आहे.

प्रकाशाची जादू तर निराळीच. समोरून टाकलेला उजेड चेहरा दाखवतो पण शरीर सपाट करतो. नृत्यात दिवे विंगांमधून कडेने लावतात, काही डोक्याच्या उंचीवर, काही कमरेच्या, काही अगदी नडगीच्या. मार्था ग्रॅहम यांच्यासोबत काम करणाऱ्या जीन रोझेन्थाल यांनी नृत्यासाठीच्या प्रकाशाची ही कला विसाव्या शतकात घडवली. कडेच्या उजेडात बरगड्यांची प्रत्येक घडी, पाठीची प्रत्येक रेषा उठून दिसते. नडगीच्या उंचीवरचा दिवा जमिनीला स्पर्श करत नाही, म्हणून पाय अंधारावर उभे असल्यासारखे वाटतात. बरगड्यांनी सरकण्याची जी बारीक लाट तालमीत सापडली होती, ती शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याचं काम हा दिवा करतो.

भाड्याच्या सभागृहात या सगळ्यासाठी वेळ फार थोडा मिळतो. सकाळी दिवे लावायचे, दुपारी प्रत्येक क्यू तपासायचा, संध्याकाळी प्रयोग. म्हणून अनुभवी मंडळी कागदावर आधीच सगळं उतरवून आणतात: कोणत्या मिनिटाला कोणता दिवा, ध्वनी कुठे सुरू, कुठे बंद, कोण कोणत्या विंगेतून येणार. दहा मिनिटांच्या नृत्यामागे असा शांत, बारीक हिशेब असतो. प्रकाशयोजनाकार, ध्वनी सांभाळणारा, पडद्यामागे उभं राहून खूण करणारा, यांची लय चुकली तर नर्तकांची लयही उघडी पडते.

पाहणाऱ्याच्या अंगात

आता या साऱ्यातली मला सगळ्यात अद्भुत वाटणारी गोष्ट. २००५ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी बॅले नर्तक, कापोएरा हा ब्राझीलचा नृत्ययुद्धप्रकार करणारे आणि नृत्य न शिकलेले अशा तीन गटांना बॅले आणि कापोएराच्या चित्रफिती दाखवल्या आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. नर्तक निश्चल पडून नुसते पाहत होते. तरीही स्वतः शिकलेल्या हालचाली समोर आल्या की मेंदूचे हालचालीशी संबंधित भाग अधिक जागे होत. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात आणखी एक पेच सोडवला गेला. बॅलेत काही हालचाली फक्त स्त्रिया करतात, काही फक्त पुरुष, पण दोघेही एकमेकांच्या हालचाली रोज पाहत असतात. तिथेही स्वतः केलेल्या हालचालींनाच जास्त प्रतिसाद मिळाला. डोळ्यांच्या सवयीपलीकडे, शरीराने जगलेलं काहीतरी पाहताना जागं होतं.

याचा अर्थ नागपूरच्या नवोदितासाठी मला फार मोठा वाटतो. परक्या शहरातल्या रचनेची नक्कल केली तर प्रेक्षक तिच्याकडे कौतुकाने पाहील, पण बाहेरून. पिशवी पोटाशी घेऊन बरगड्यांनी सरकणारी नर्तिका दिसली, तर सभागृहात बसलेल्या शेकडो शरीरांनी ती हालचाल असंख्य वेळा केलेली असेल. दिवाळीच्या खरेदीत, कॉलेजच्या दिवसांत, सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकात ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन मार्गांमधला जिना घाईने चढताना. त्या हालचालीचे जाणकार तेच. शास्त्र न शिकलेले, पण अंगाने तयार.

विदर्भात अशी शरीरात साठलेली संपत्ती थोडी नाही. गडचिरोलीच्या माडिया गावांत रेला या नृत्याच्या वेळी हातात हात गुंफून नाचणारी रांग एकाच श्वासाने झुलते. झाडीपट्टीत दंडार आहे, खडी गंमत आहे, यवतमाळकडच्या गोंड आणि कोलाम वस्त्यांत ढेमसा आहे. या नृत्यांतून शिकताना एक जबाबदारी येते. ज्यांची ती चाल आहे त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्यासोबत नाचून शिकावं, आणि प्रयोगाआधी त्यांचं नाव घ्यावं, जसं गणदासाने शर्मिष्ठेचं घेतलं. पावलं उचलून रंगमंचावर ठेवली तर उरते ती नुसती सजावट. मात्र त्या रांगेत एकमेकांचं वजन कसं वाटून घेतात, पाठीमागच्याचा वेग हाताच्या पकडीतून कसा कळतो, हे समजून घेतलं तर आजच्या रचनेला नवा कणा मिळतो.

दुसऱ्या प्रयोगाची तारीख

नव्या रचनाकारांसाठी देशात काही दारं उघडलेली आहेत. दिल्लीत गती डान्स फोरमने तरुणांना तालमीची जागा, वेळ आणि मार्गदर्शन देणारे निवासी उपक्रम चालवले. चेन्नईच्या प्रकृती फाउंडेशनने समकालीन नृत्यरचनेसाठी पुरस्कार सुरू केला. पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवात नृत्याचं स्वतंत्र दालन असतं. आणि नागपूर हे तर दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालय आहे. १९८६ पासून अनेक राज्यांचे लोककलावंत इथे येत आहेत. रेला आणि ढेमसा पाहायला, कलावंतांशी बोलायला एवढी जवळची जागा देशातल्या फार थोड्या तरुणांना मिळते.

पण संस्थांइतकीच एक गोष्ट शहराच्या हातात आहे. चित्र काढून झालं की ते भिंतीवर राहतं, कविता छापली की वाचकाची वाट पाहत थांबते. नृत्यरचना मात्र केली जात असते तेवढाच वेळ असते. चित्रफीत तिची एक बाजू जपते, तिचं वजन जपू शकत नाही. पहिल्या प्रयोगात रचनाकाराला कळतं की मधली दोन मिनिटं लांबली, कर्णावरची चाल फार लवकर आली, शेवटचं थांबणं आणखी तीन सेकंद पेललं असतं. हे शहाणपण फक्त प्रेक्षकांसमोरच मिळतं आणि ते वापरायला दुसरा प्रयोग लागतो. बहुतेक नव्या रचना तिथेच थांबतात, पहिल्या प्रयोगाच्या टाळ्यांनंतर.

म्हणून समकालीन नृत्याचा प्रयोग लागला तर ‘आपल्याला त्यातलं काही कळत नाही’ असं म्हणून घरी राहू नये. गोष्ट काय आहे हे शोधायची घाई न करता एकच नर्तक निवडावा आणि त्याच्या वजनाकडे पाहावं. कुठे ते जमिनीला सोपवलं, कुठे रोखलं, कुठे दुसऱ्याच्या अंगावर टाकलं. आपला श्वास कुठे बदलला ते लक्षात ठेवावं आणि प्रयोगानंतर रचनाकाराला नेमकं तेवढंच सांगावं. त्या एका वाक्यावर तिचं पुढच्या महिन्याचं काम उभं राहतं. आणि निघताना विचारावं, दुसरा प्रयोग कधी? हा प्रश्न दहा जणांनी विचारला तरी सभागृहाची पुढची तारीख घेण्याचं बळ येतं, आणि नागपूरची स्वतःची नृत्यभाषा घडायची असेल तर ती अशाच तारखांमधून घडेल.